शंका आली की बाहेर

...आणि वर मलाच विचारतात, "पोटच्या पोरीला बाहेर काढलंत? फायनलला? सात मिनिटं राहिलेली असताना?" हो, काढलं! काय करणार, तोंड उघडलं ना मी! कालचं नाही म्हणत हो, सहा महिन्यांपूर्वीचं म्हणतेय. थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हालाही वाटेल बाई सटकलेली आहे.

तुम्हाला सांगते, माझं आल्टरेशनचं दुकान. पँट आखूड कर, चेन बदल, कमरेला सैल कर... फुटबॉलशी माझा संबंध एवढाच, की माझी नऊ वर्षांची पोर दहा वर्षांखालच्या टीमची गोलकीपर. तर पालकांची मीटिंग होती, सगळे माना खाली घालून मोबाईल बघत बसलेले, आणि मला काय दुर्बुद्धी सुचली, मी म्हटलं, "ते गोलचे खांब हलतात, ते कुणी बघतं का हो?" संपलं! आमच्या क्लबचा सेक्रेटरी म्हणजे बँकेतला माणूस, कुणाच्या तरी गळ्यात काम मारायला टपलेलाच, तो लगेच म्हणाला, "वा वा, ताईंना मुलांच्या सुरक्षेची केवढी कळकळ! मग ताईच बघतील!" टाळ्या! टाळ्या कसल्या, सुटकेचे निःश्वास होते ते! घरी आल्यावर आमचे हे म्हणतात कसे, "तुला तोंड उघडायला सांगितलं कुणी?" हेही होते मीटिंगला. टाळ्या वाजवत होते.

मग काय, मला एक पिवळं जाकीट मिळालं, दोन मापं मोठं, तेही मीच आत घेतलं, आणि सुरक्षेच्या नियमांची एक जाडजूड पुस्तिका मिळाली. आता तुम्हाला माझा स्वभाव माहीत नाही, काम अंगावर पडलं की मला ते अर्धवट जमत नाही. खांब रोवून घेतले. प्रत्येक खांबाला स्वतः लोंबकळून बघितलं, हसा, हसा! नडगीला पॅड नाही? बस बाहेर. पोराला घरी सोडायचंय? मग गाडीत एकटा मोठा माणूस चालायचा नाही, दोघं पाहिजेत. कोच बिचारा भला माणूस, पण त्याचंही तोंड एवढंसं झालं. "ताई, माझ्यावर विश्वास नाही?" म्हटलं, "आहे हो! पण भल्या माणसानं नियम पाळला नाही, तर बाकीच्यांना अडवायचं कुठल्या तोंडानं?" त्याला ते इतकं पटलं, की म्हणाला, "ताई, हे जरा बाकीच्या टीमच्या पालकांनाही सांगाल का?" झालं! आणखी चार मीटिंगा! तोंड उघडलं ना मी!

आणि सगळ्यात मोठा नियम, तो तर मीच ठळक अक्षरात लिहून कपडे बदलायच्या खोलीत चिकटवला होता. डोक्याला लागलं आणि शंका आली की बाहेर, त्या दिवशी परत आत नाही. शंका कशी घ्यायची? तर पोराला चार प्रश्न विचारायचे. मैदान कुठलं? हाफ कितवा? शेवटचा गोल कुणाचा? गेल्या मॅचला काय झालं? आणि इथंच मी माती खाल्ली. मी पोरांकडून सराव करून घेतला! दर रविवारी ओळीत उभं करून! पोरंही एका सुरात, "शाळेचं मैदान! पहिला हाफ! कुणाचाच नाही! हरलो!" मला काय तो आनंद! अहो, मी स्वतःच पेपर फोडत होते की!

तर कालची फायनल. आम्ही एका गोलनं पुढे, सात मिनिटं बाकी, आणि पोरीनं बॉलवर झेप घेतली ती थेट खांबावर... ठण्ण! तो आवाज अजून कानात आहे माझ्या. आणि खांब? तसूभर हलला नाही. मीच रोवून घेतलेला ना! कशी धावले मला ठाऊक नाही. ती उठून बसलेली, डोळे उघडे. मी गुडघ्यावर बसले, म्हटलं, "बाळा, हाफ..." पुढचं तोंडातच, तोवर हिनं सुरू केलं, "शाळेचं मैदान, पहिला हाफ, कुणाचाच नाही, हरलो!"

मागून आमचा दाताचा डॉक्टर ओरडला. त्याचा मुलगा आमचा स्टार, गोल त्यानंच मारलेला. "बघा, फाडफाड बोलतेय! काही झालेलं नाही! पडल्याशिवाय पोरं मोठी होतात का?" म्हटलं, "अहो, दुसरा हाफ चाललाय! आणि गेली मॅच आपण जिंकलो, म्हणून तर आज इथं आहोत!" तर म्हणतो, "तो काय इतिहासाचा पेपर आहे?"

आता ही पोपटपंची होती की डोक्याचा मार, मला काय कळणार? मी शिवणकाम करणारी बाई! पोरगी माझं जाकीट धरून रडायला लागली, "आई, प्लीज, सातच मिनिटं!" आतडं तुटत होतं हो माझं. पण शंका आली होती. उचललं, बाहेर आणलं. गोलमध्ये उभा राहिला डॉक्टरांचा स्टार. सात मिनिटांत दोन खाल्ले. हरलो!

हॉस्पिटलच्या वाटेवर पोरगी गप्प. एक शब्द नाही. आता रागानं गप्प, की डोक्यानं गप्प? एरवी झोपेतसुद्धा बडबडणारी पोर माझी! देवा, हिनं मला वाटेल ते बोलावं, पण बोलावं. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी तपासलं, म्हणाल्या, "मेंदूला हलका मार बसलाय. बाहेर काढलंत ते फार बरं केलंत, वर दुसरा दणका बसला असता तर कठीण होतं. आता सक्तीची विश्रांती." मी नुसतं "हं" म्हटलं. नर्सनं विचारलं, "वय?" म्हटलं, "अडतीस." "मुलीचं हो!" मला आठवेना! डॉक्टरीण बाईंनी माझ्याकडे नीट निरखून बघितलं आणि हळूच विचारलं, "ताई, आज वार कोणता?"

मी ठणकावून सांगितलं, "दुसरा हाफ!"

आणि कॉटवरून तीन तासांत पहिल्यांदा आवाज आला, "रविवार, आई." अस्सा जीव भांड्यात पडला माझा! मी रडत रडत जवळ गेले, तर ही बया तोंड फिरवून डॉक्टरीण बाईंना काय म्हणते?

"शंका आली की बाहेर. नियम आहे तिचा."

बसले मग बाहेर बाकावर, मुकाट्यानं, पिवळं जाकीट घालून. तोंड उघडलं नाही.