पुरे म्हणणारे हात

चहा येईपर्यंत माझ्या मेहुण्याची, गोविंदाची हकिगत ऐका. भिलाईचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा तो भंडाऱ्याकडची शेती सोडून कामगारांच्या कॅम्प-१ वस्तीत आमच्याकडे आला. क्रेनचालकाला हाताने इशारे देण्याचे काम होते. चाचणीत उतरला, तरच बायकामुलांना आणता येणार होते.

चाचणीच्या दिवशी क्रेनला टांगलेला लोखंडी गर्डर खाली येऊ लागला. थांबवण्यासाठी मूठ वर करायची, असे शिकवले होते. गोविंदाने मात्र पानावर वाढप्याला अडवावे तसे दोन्ही तळवे पालथे धरून हलवले. क्रेनचालकाने तो इशारा ‘आणखी खाली’ असा घेतला. गर्डर उतरत राहिला, तसे गोविंदाचे तळवेही जोरात हलत राहिले. शेवटी गर्डर पाण्याच्या पिंपावर बसला.

फोरमन ओरडला, "अरे, रोकना था!"

"साहेब, मी तं कवाचा पुरे म्हणून राहिलो!"

दयाळू फोरमनने पुन्हा चाचणीला बोलावले. तोवर गोविंदा रोज देवापुढे उभा राहून मूठ वर करी. नोकरी लागली, बायकामुले आली.

त्यानिमित्त सत्यनारायण झाला. पंगतीत वाढपी भात घेऊन आला. दमलेल्या गोविंदाने मूठ वर केली. वाढप्याला काही कळेना. तो वाढतच राहिला.

"भाऊजी, तिथं पंगतीचा हात चालत नाही, इथं कारखान्याचा. मी किती डाव नव्यानं शिकू?"

मी म्हणालो, "पोट आहे तोवर. आता प्रसाद टाकू नकोस."