ड्रमातला समुद्र

अगं, आमच्या ह्यांचं समुद्राचं खूळ तुला ठावं हायच. राजुरीत, द्राक्षाच्या बागेला लागून नवा बंगला. त्याच्या हॉलात भिंतीएवढी काचेची टाकी बसवायची, खाऱ्या पाण्यात जिवंत प्रवाळ अन् रंगीत मासे सोडायचे! काच पुण्याहून यायची व्हती. तवर पाणी जमतंय का बघायला ह्यांनी अंगणातल्या ड्रमात समुद्रासारखं पाणी करायचं खास मीठ कालवून ठेवलं. सांगितलं कुणालाच न्हाई.

सकाळी बघते तर सासरे, आमचे आण्णा, त्याच ड्रमात निळं मोरचूद अन् चुना ढवळतायत. बागेवर फवारायला! ट्रॅक्टर चालू करून ठेवलेला.

हे अनवाणीच धावले. “आण्णा, थांबा! मिठाचं पाणी हाय ते, बाग करपंल!”

मी पायरीवरनंच ओरडले, “आण्णा, बागेवर फवारलं का वो?”

“न्हाई गं, अजून थेंबबी न्हाई.”

मी तिथंच पायरीवर बसले. बाग वाचली, राव!

हे मात्र ड्रमाकडं बघून हळहळले, “मोरचूद पडलं. आता ह्या पाण्यात प्रवाळ जगायचं न्हाई.”

आण्णा ड्रमात डोकावले. “तू केलंवतं ते नुसतं खारं पाणी. समुद्र तर मी केला बघ, निळाशार!”