मेसेज न येणारं कार्ड

बँकेच्या रांगेत शिंपीकाकांच्या पुढे एक गृहस्थ उभे होते. शेजारी त्यांची वसतिगृहात राहणारी मुलगी.

"कार्ड दिलं तेव्हा तुझी आई म्हणाली होती, पोरगी पैसे उडवेल. आता बघ म्हणावं! खर्च केलास की माझ्या मोबाइलवर मेसेज येतो. दोन महिन्यांत एकही नाही!"

"बाबा, आज त्यात पैसे भरू नका."

"भरणार! हात कसा आखडायचा, ते बरोबर शिकलीस. तुझ्या भावाला सांगतो, घे जरा ताईकडून धडा!"

"बाबा, ऐका ना."

"पण काय गं, बसभाडं नाही, झेरॉक्स नाही, कँटीन नाही. जेवतेस तरी कुठे?"

"खानावळीत. भाजी चिरते तिथे. कॉलेज सोडलं मी."

शिंपीकाकांच्या हातातली स्लिप गळून पडली.

"सोडलं? कधी?"

"दोन महिने झाले. नापास झाले होते."

"अगं, मी रोज मोबाइल बघत होतो! दिवसातून दहादा!"

"हो ना. पण जेवतेस कुठे, हे आज पहिल्यांदा विचारलंत."

"पुढचे कोण? या लवकर!" खिडकीतून आवाज आला.

गृहस्थ हलेनात. शिंपीकाकाही हलले नाहीत.