चकचकीत होऊन आलेलं इंजिन

माझी नोकरी मजेची आहे म्हणता ना, मग परवाचं ऐका. आमची अंबडची कंपनी विजेवर चालणारी जुनी रेल्वे इंजिनं भाड्याने देते. लोक ती नेतात तीच मुळी त्यांच्या जुनेपणासाठी. एका पर्यटन गाडीवाल्यांनी महिनाभर नेलेलं आमचं सगळ्यात जुनं इंजिन परत आलं, ते चकचकीत निळं होऊन. दारावरचा हाताने रंगवलेला नंबर खरवडून तिथे रेडियम चिकटवलेलं.

मी त्यांच्या मॅनेजरला फोन लावला. "अहो, हे काय केलंत?"

"फार मळकट दिसत होतं हो. दुसऱ्याची वस्तू घासूनपुसून परत द्यावी, असं आमची आई म्हणते. आभार वगैरे नकोत."



सोमवारी दुसरं गिऱ्हाईक तेच इंजिन बघायला येणार होतं. मी सिन्नरहून आमचे नेहमीचे पेंटर भिकामामा यांना बोलावून घेतलं. म्हटलं, "मामा, होतं तसं जुनं करून द्या."

मामांनी इंजिनाभोवती एक चक्कर मारली, निळ्या रंगावर नख घासून पाहिलं.

"होईल की. पण घाई करायची नाय."

"किती दिवस लागतील?"

"उन्हापावसात उभं राहू द्या. साठेक वर्षांत होऊन जाईल."