सिगारनंतरचा घोट

मंडळी, ऐका! पूर्वरंगात आपण जिभेचा विचार केला. देवानं तिला दोन कामं लावून दिली — चव घ्यायची आणि बोलायचं. आता मी तुम्हाला एकच प्रश्न विचारतो. 'मला कळलं नाही' हे वाक्य माणसाला इतकं जड का जातं? तीन शब्द! त्यात जोडाक्षर नाही, संस्कृत नाही. शाळेतलं पोर दिवसभर तेच म्हणत असतं. मग पुढं पगार सुरू झाला, चार माणसं 'साहेब, साहेब' करायला लागली, की हेच वाक्य घशात अडकतं — ते का?

उत्तर आख्यानात आहे. आणि आख्यानात बिअर आहे!

बघा, अध्यक्षांची मान कशी वर झाली! बसा हो, बसा. पिंप घेऊन आलेलो नाही मी. पेटीवाले, तुम्ही हसू नका, सूर धरा. आणि नुसती बिअर नाही बरं का — सिगारही आहे. जाडजूड, परदेशी, काचेच्या नळीतून येणारा. मी दोन्हीच्या वाटेला कधी गेलेलो नाही, तुम्हीही जाऊ नका. पण मला जे माहीत नव्हतं ते मी जाणकारांना विचारून घेतलंय, म्हणून निर्धास्त ऐका.

तर पुण्यात एक गृहस्थ होते. श्रीरंग आपटीकर. यंत्रांना लागणाऱ्या बेअरिंगांचा व्यापार. पन्नाशी उलटलेली, घरचं बरं, स्वभाव बरा. छंद एकच — चव! हे प्यायचे थोडं आणि चाखायचे फार. आता बिअर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? बाटली, चणे, आरडाओरडा. ही तसली नव्हे. हल्ली काही मंडळी छोट्या छोट्या टाक्यांमधून हातानं, निगुतीनं बिअर बनवतात. कुणी गव्हाची, कुणी भाजलेल्या सातूची काळीभोर, कुणी आंबा घालून. आपल्याकडं प्रत्येक घरचं लोणचं निराळं असतं ना? तसंच.

श्रीरंगरावांचं चाखणं बघण्यासारखं असायचं. आधी ग्लास उजेडात धरायचा. मग फेस बघायचा. मग नाक आत — अगदी आत! मग एक छोटा घोट, तो तोंडात इकडून तिकडं फिरवायचा, गिळायचा, आणि डोळे मिटून थांबायचं. मग हे म्हणणार, "दुसऱ्या वासात लवंग आहे." आणि मंडळी, लवंग असायची! हे सोंग नव्हतं. माणसाला खरंच कळत होतं. ही गोष्ट ढोंग्याची नाही, जाणकाराची आहे, म्हणून तर सांगतोय.

सिगारचंही तेच. देवदाराची पेटी, पेटीत ओलावा मोजायचा काटा. बायको म्हणायची — वृंदावहिनी — "तांदळात पोरकिडे झाले तरी यांना पत्ता नसतो, आणि त्या विड्यांना घाम फुटला की नाही ते रोज उठून बघतात!" विड्या! श्रीरंगरावांच्या काळजाला घरं पडायची. "अगं, याचा धूर गिळायचा नसतो, तोंडात खेळवायचा असतो," असं समजावायला जायचे. वहिनी म्हणायच्या, "गॅलरीत खेळवा."

त्यांचा मित्रांचा एक कंपू होता. दर महिन्याला जमायचे, आणि तिथं श्रीरंगरावांचा एक नियम होता. आधी बिअर, तीही हलकीपासून जडपर्यंत. सिगार सगळ्यात शेवटी. का? कारण त्या धुराचा जिभेवर थर बसतो. एकदा तो बसला, की पुढं अमृत दिलं तरी पाण्यासारखं लागणार. कुणी मधेच सिगार काढला, तर हे ओरडायचे, "अहो, जिभेला डांबर फासताय की काय? आज आता तुमचं मत मोजायचं नाही!" लक्षात आलं ना? नियम यांचाच!

आता दुसरा माणूस. जयसिंग ढमढेरे, श्रीरंगरावांचा होस्टेलमधला दोस्त. एका ताटात जेवलेले. जयसिंगराव आयुष्यभर दूध डेअरीत मॅनेजर. तिथून बाहेर पडले आणि पिरंगुटजवळ शेड घेऊन बिअर बनवायला लागले. घरात सगळ्यांनी वेड्यात काढलं, एकट्या श्रीरंगरावांनी पाठीवर हात ठेवला. "तू कर जयसिंगा. चव मी बघतो." दोन वर्षं धडपडून शेवटी दिवस ठरला. शेडच्या अंगणात बाकं मांडायची, गिऱ्हाइकांना बोलवायचं आणि शनिवारी संध्याकाळी नळ सोडायचा. पहिलीच बिअर गव्हाची — धणे आणि संत्र्याची साल घातलेली. आणि मंडळी, खाण्यापिण्याचा धंदा म्हणजे पहिल्या दिवशी बसला तर बसला. त्या दिवशी तोंड वाकडं करून गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.

गुरुवारी जयसिंगरावांचा फोन आला, "रंग्या, ये रे बाबा. उद्या पिंपं भरायची आहेत. तू हो म्हटलंस की भरतो."

श्रीरंगराव निघाले. वाटेत एका कारखानदाराकडं काम होतं. काम झालं, जेवण झालं आणि त्या कारखानदारानं एक सिगार पुढं केला. काळसर, अंगठ्याएवढा जाड! श्रीरंगरावांनी वास घेतला, आणि पाय जागीच खिळले. असा पुन्हा कधी मिळणार? मनात म्हणाले, दोन झुरके घेऊ आणि ठेवून देऊ. मंडळी, दोनच भजी खाऊन उठलेला माणूस तुम्ही बघितलाय? मी नाही बघितला! व्हरांड्यात बसून अख्खा ओढला. सुख झालं. खरंच झालं — ते मी नाकारत नाही.

आणि मग पिरंगुट.

जयसिंगराव दारातच उभे. नाकाला रुमाल, डोळे लाल. "शिंकून शिंकून जीव गेला रे. नाक ठप्प. मला कशाचा वास नाही की चव नाही, मला काहीही कळत नाहीये. आता सगळं तुझ्यावर." ऐकलंत? हा माणूस किती सहज बोलून गेला! ध्यानात ठेवा.

टाकीतून ग्लास भरला. शेजारी पिंपं भरणारा अंकुश उभा, जयसिंगरावांच्या घरचे उभे. सगळ्यांचे डोळे यांच्याकडं. श्रीरंगरावांनी ग्लास उजेडात धरला. फेस छान. नाक आत घातलं — धूर. घोट घेतला, फिरवला, गिळला. पाणी! धणे नाहीत, संत्रं नाही, काहीच नाही. जिभेवर नुसता तो काळा सिगार बसलेला.

आता काय म्हणायला हवं होतं? तुम्हीच सांगा! 'जयसिंगा, मी सिगार ओढून आलोय, सकाळी पुन्हा येतो.' एवढंच ना? पण ज्यांनी लोकांना डांबरावरून झापलं, त्यांनी हे कुठल्या तोंडानं म्हणायचं? मनानं लगेच वकिली सुरू केली. जयसिंगानं केलीय म्हणजे चांगलीच असणार. मागच्या वेळी करून बघितली तेव्हा छान झाली होती. रंग बरोबर आहे, फेस बरोबर आहे...

डोळे मिटून ते म्हणाले, "वा! आधी संत्रं, मागून हळूच धणे. शेवट स्वच्छ. भर पिंपं!"

जयसिंगरावांनी मिठी मारली. त्या मिठीत श्रीरंगरावांना आपल्याच शर्टाला सिगारचा वास आला. दोस्ताच्या बंद नाकाला तेवढाही आला नाही.

शनिवार उजाडला. संध्याकाळी अंगण भरलं. नळ सुटला, ग्लास फिरले. श्रीरंगराव आज स्वच्छ जिभेनं आले होते. पहिला घोट घेतला, आणि अंगावर काटा आला. लोणी! चक्क लोण्याचा वास, संत्र्याच्या डोक्यावर बसलेला. मंडळी, बिअर टाकीत आंबते तेव्हा मधे असा एक वास येतो. तिला टाकीतच आणखी थोडे दिवस राहू दिलं की तो आपोआप जातो. घाई केली की राहतो. म्हणजे गुरुवारी नुसतं 'थांब' म्हटलं असतं तरी काम झालं असतं! आणि ज्या माणसाचा जन्म डेअरीत गेला, त्यानं तर लोणी झोपेतसुद्धा ओळखलं असतं. त्याचं नाक बंद होतं म्हणून त्यानं दुसऱ्याचं उसनं घेतलं होतं.

लोक चांगले होते, कुणी काही बोललं नाही. अर्धे ग्लास बाकांवर ठेवून एकेक उठायला लागले.

जयसिंगराव आले, नाकाला अजून रुमाल. "रंग्या, हे टाकून का चाललेत रे?"

"लोण्याचा वास येतोय."

"लोण्याचा?" त्यांचा चेहराच उतरला. "पण गुरुवारी तर बरोबर होती. तूच म्हणालास." मग वळून ओरडले, "अंकुश! पिंपं धुतली होतीस का नीट?"

अंकुश धावत आला. "धुतली होती साहेब. गरम पाण्यानं, दोनदा."

"खोटं बोलू नकोस! टाकीत चांगली होती, पिंपात बिघडली. भरलं कुणी? उद्यापासून येऊ नकोस तू!"

आणि श्रीरंगराव? सुटले होते! गप्प राहायचं, बस्स. कुणालाही कधीही कळलं नसतं. इथं माणसाची परीक्षा असते, मंडळी. खोटं बोलून जातं तेव्हा नव्हे — त्या खोट्याचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर चढायला लागतं, तेव्हा.

"जयसिंगा," ते म्हणाले. "त्याला सोड. गुरुवारी मी सिगार ओढून आलो होतो. मला काहीच कळलं नव्हतं."

जयसिंगराव मग म्हणाले, "मला सर्दी होती, ती मी सांगितली. तू ओढून आला होतास, हे सांगायला काय झालं होतं रे?"



जयसिंगरावांनी आधी अंकुशची माफी मागितली, सगळ्यांदेखत. मग नळ बंद केला, बाकावर चढले आणि म्हणाले, "मंडळी, बिअर बिघडली आहे. माझं नाक बंद होतं, मला कळलं नाही. आज कुणी पैसे देऊ नका." दोस्ताचं नावसुद्धा घेतलं नाही! श्रीरंगरावांना वाटलं, याच्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मैत्री तुटली का? नाही. काही महिन्यांनी पुढची बिअर झाली. बोलावणं आलं, हे गेले. त्या दिवशी सकाळपासून यांनी चहासुद्धा घेतला नव्हता. घोट घेतला, डोळे मिटले. "जयसिंगा, उत्तम आहे." आणि होतीच उत्तम! जयसिंगराव प्रेमानं हसले, यांच्या खांद्यावर हात ठेवला — आणि शेजारी एक दुसऱ्या जाणकार बाई बसल्या होत्या, त्यांच्याकडं वळून म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?"

संपलं आख्यान. जीभ तीच, ज्ञान तेच. फक्त शब्दाला आता साक्षीदार लागायला लागला.

आता तुमच्याकडं वळतो. हसताय काय? मघापासून मी 'लक्षात आलं ना, ध्यानात ठेवा' करतोय आणि तुम्ही सगळे माना डोलवताय. शेजारचा डोलवतो म्हणून तुम्ही, तुम्ही डोलवता म्हणून शेजारचा! डॉक्टर औषध सांगतो — मान डोलते. बँकेतला माणूस कागद पुढं करतो — मान डोलते. देवासमोर उभं राहिलं तरी तेच! चला, आज खरं करू. ज्यांना काही कळलं नसेल, त्यांनी हात वर करा.

एकही नाही? एवढ्या सभामंडपात?

थांबा — तिकडं खांबापाशी. हां, बोला ताई, मोठ्यानं बोला.

"बुवा, लोण्याचा वास तर चांगला असतो. मग त्यानं बिअर बिघडली कशी, ते मला नाही कळलं."

अध्यक्ष, आरतीचं तबक ताईंच्या हातात द्या. आज त्या ओवाळतील, आपण सगळे त्यांच्या मागं उभे राहू. आणि ताई, खरं सांगू? ते मलाही नीट कळलेलं नाही. विचारून येतो.