प्रयोगशाळेतला पेढा

आमच्या उंब्रजकडच्या शाळेत प्रयोगशाळा सुरू झाली, त्या दिवसाचं ऐका. नारळ फोडायला सातवीतल्या स्वरालीचे आजोबा आले होते, फौजेतनं रिटायर झालेले सुभेदार. सोबत गावचे सरपंचही होते. पोरांनी प्रयोग दाखवले, मग शिपायानं पेढ्यांचं ताट आत आणलं. आजोबांनी पेढा उचलला, तशी स्वराली आडवी आली.

“आबा, हितं खायचं न्हाई. बाईंनी सांगितलंय.”

हेडमास्तर म्हणाले, “अगं, पेढा आहे तो, ॲसिड नाही.”

“पर आबांनी आत्ताच टेबलावर हात टेकला हुता, सर. तिथं काय सांडलं आसंल ते दिसत न्हाई.”

नियम माझाच. सातवीला विज्ञान शिकवणारी बाई मीच.

आजोबांनी पेढा ताटात ठेवला आणि सरपंचांना म्हणाले, “चला भायेर. नात घरात हाय. हितं ती ड्यूटीवर हाय.”