शेजारची वायर

डोळ्यांच्या दवाखान्यात औषधाचे थेंब घालून डोळे मिटून बसलेली आई आणि तिच्या कानाशी लागलेली लेक. मी समोरच्या बाकावर.

"आई, डोळे उघडू नकोस, नुसतं ऐक! कंपनीचा डेटा ठेवायला नवीन मशीन घ्यायची होती ना? घेतली! कालपासून सगळं काम त्यावर!"

"पुन्हा खोलीभर कपाटं?"

"छे गं! तीनच मशीन, एकमेकांना जोडलेली. डेटा तिघांत वाटलेला. एक बंद पडलं तरी उरलेली दोन सांभाळून घेतात."

"असं विकणारा म्हणाला."

"हो ना! म्हणाला, 'मॅडम, चालू असताना ही वायर काढून बघा.'"

"काढलीस?"

"मी शेजारची काढली!"

"शाब्बास! दुकानदाराने पुढे केलेलं फळ घ्यायचं नसतं, शिकलीस एकदाची."

"त्याचं तोंड बघायला हवं होतंस! मला म्हणतो, 'अहो, ती नाही, ती नाही!' आणि काम? जराही थांबलं नाही, आई! जराही!"

"मग आता ऊठसूट पळणार नाहीस? माझ्या ऑपरेशनच्या दिवशी सलाइन चालू असताना गेली होतीस."

"तेव्हा जुनं मशीन बंद पडलं होतं गं."

"फोन तुझाच वाजतोय."

"हो. ऑफिस."

"जा बाई. माझी मी येईन घरी, सवय आहे."

"तुझी पर्स दे इकडे. हा टाकला फोन आत."

"अगं, आणि ऑफिस?"

"एक वायर काढून बघायची राहिलीच होती, आई. माझी."